समुद्रात स्कूबा शिकलेल्या व्यक्तीने पाण्याने भरलेल्या दगडखाणीत डायव्हिंग करावे का? तेथे नेमके काय वेगळे असते?

उबदार समुद्रात आपण ओपन वॉटर हे स्कूबाचे प्राथमिक प्रमाणपत्र मिळवले, त्यानंतर सहा डाइव्ह केल्या, आणि आता मित्रमंडळी आपल्याला गोड्या पाण्याच्या एका जुन्या दगडखाणीत नेऊ पाहत आहेत, असे आपण लिहिले आहे. थंडी, अंधार आणि गाळ यांखेरीज तेथे काय मिळणार, अशी शंकाही आपण विचारली आहे. माझे उत्तर असे की जरूर जावे. मात्र खाली जाण्यासाठी अंगावर बांधायची समुद्रातली वजने, समुद्रातला सूट आणि समुद्रातल्या सवयी जशाच्या तशा घेऊन जाऊ नये. मीही समुद्रातच शिकले. गेल्या काही वर्षांत मात्र माझ्या बहुतेक डाइव्ह खाणीतच झाल्या आहेत, आणि पाण्यात स्थिर राहणे म्हणजे काय हे मला तेथेच उमगले.

पहिला फरक वजनांचा आहे. गोड्या पाण्याची घनता दर घनमीटरला सुमारे १००० किलो, तर समुद्राच्या पाण्याची सुमारे १०२५ किलो असते. आपण आणि आपले सर्व साहित्य मिळून १०० किलो भरत असेल, तर समुद्रात बरोबर बसलेल्या वजनांपैकी साधारण अडीच किलो गोड्या पाण्यात कमी करावे लागते. हा हिशोब सूट तोच असेल तर लागू पडतो. खाणीच्या थंड पाण्यासाठी आपण तीन मिलिमीटरऐवजी सात मिलिमीटरचा वेटसूट घातला, तर तो अधिक तरंगतो आणि वजने पुन्हा वाढवावी लागतात. म्हणून दुसऱ्याचा आकडा ऐकून वजनपट्टा बांधू नये. काठाजवळ पाण्यात उभ्या स्थितीत, हवा भरून तरंगणे कमीजास्त करायच्या जॅकेटमधील सर्व हवा काढून नेहमीसारखा श्वास थोडा वेळ धरावा. पाण्याची पातळी डोळ्यांशी यावी आणि श्वास सोडताच आपण हळूहळू खाली जावे, इतकेच वजन पुरेसे असते. ही चाचणी सिलिंडर भरलेला असताना केली, तर त्यात सुमारे दोन किलो वाढवावेत. कारण १२ लिटरचा सिलिंडर २०० बारवरून ५० बारपर्यंत येताना जवळपास तेवढ्या वजनाची हवा आपण वापरून टाकतो.

जाड सूटची दुसरी बाजू खोलीवर दिसते. दहा मीटरच्या आसपास दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि सूटच्या निओप्रीन या रबरी कापडातील वायूचे बुडबुडे आक्रसतात, त्यामुळे सूट जाड असेल तितका तरंगण्यातला फरकही मोठा पडतो. खाणीच्या भिंती बहुधा सरळ उभ्या कापलेल्या असतात. उतारावर जसा पायाखाली तळ सतत दिसत राहतो, तसा येथे दिसत नाही, आणि अंगावर नको तितके वजन असलेला नवखा डायव्हर पाहता पाहता ठरवलेल्या खोलीच्या खाली जातो. उतरताना जॅकेटमध्ये थोडी थोडी हवा भरत राहावी आणि भिंत नजरेच्या टप्प्यात ठेवावी. हीच भिंत वर येताना फार उपयोगी पडते, कारण मिनिटाला नऊ मीटरपेक्षा अधिक वेग होत नाही ना, आणि पाच मीटरवरच्या तीन मिनिटांच्या सुरक्षा थांब्यात आपण वरखाली होत नाही ना, हे तिच्यावरच्या खुणांवरून सहज कळते.

आता थंडीविषयी, कारण खाणीचा खरा स्वभाव तिच्यात आहे. गोडे पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. उन्हाळ्यात सूर्य वरचा थर तापवतो, तो हलका होऊन वरच तरंगत राहतो; आणि चहूबाजूंच्या उंच कड्यांमुळे वारा अडत असल्याने दोन थर सहजी मिसळत नाहीत. त्यांच्यामधली सीमा, म्हणजे थर्मोक्लाइन, इतकी स्पष्ट असू शकते की थंड प्रदेशातल्या खाणीत वर २० अंश असताना एक-दोन मीटर खाली हात घातला की १० अंशांचे पाणी लागते. त्या सीमेवर पाणी उन्हाळी रस्त्यावरच्या हवेसारखे थरथरताना दिसते, आणि मला ते दृश्य आजही मोहवते. पहिल्यांदा तेथून खाली जाताना मात्र श्वास आपोआप जलद होतो. तेव्हा सीमेच्या जरा वरच थांबावे, चार-पाच दीर्घ श्वास घ्यावेत, जोडीदाराकडे पाहावे आणि मगच उतरावे. वाढलेल्या श्वासाने हवा किती लवकर संपते, हे दर दोन मिनिटांनी हवेचे मापक पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही.

थंडीचा परिणाम साहित्यावरही होतो. सिलिंडरमधील उच्च दाबाची हवा रेग्युलेटरमध्ये, म्हणजे ती श्वासाजोगी करणाऱ्या साधनात, एकदम प्रसरण पावते आणि खूप थंड होते; भोवतालचे पाणीही थंड असेल तर आत बर्फ धरून झडप उघडीच राहते आणि हवा अखंड वाहू लागते, ज्याला फ्री-फ्लो म्हणतात. ईएन २५० या युरोपीय मानकात १० अंशांखालच्या पाण्याला थंड पाणी धरले जाते. तेव्हा भाड्याने रेग्युलेटर घेताना तो थंड पाण्यासाठी योग्य आहे का, हे स्पष्टपणे विचारावे. पृष्ठभागावर विनाकारण त्यातून श्वास घेऊ नये, आणि खोलीवर जॅकेटचे बटण दाबून धरत त्याच वेळी मोठा श्वास ओढू नये. तरीही फ्री-फ्लो झालाच, तर जोडीदाराच्या पर्यायी (जादा) रेग्युलेटरमधून श्वास घेत दोघांनी नेहमीच्या वेगाने वर यावे; घाबरून श्वास धरून वर झेपावणे हे फ्री-फ्लोपेक्षा कितीतरी घातक असते.

गाळाचा धडा मला खाणीतल्या दुसऱ्याच डाइव्हला मिळाला. प्रशिक्षणासाठी ठेवलेल्या सहा मीटरवरच्या एका लोखंडी चौथऱ्यावरून निघून आम्ही खाणीच्या एका पायरीवर आलो. काहीतरी पाहण्यासाठी मी, जसे वर्गात शिकवले होते तसे, गुडघ्यांवर टेकले. काही क्षणांत पिठासारखा बारीक गाळ उसळला आणि मला माझा हातही दिसेनासा झाला. हाताच्या अंतरावर असलेला जोडीदार नाहीसा झाला होता. ठरल्याप्रमाणे मी एक मिनिट शोध घेतला, सावकाश वर आले, आणि तोही तसाच वर आलेला भेटला. निघण्यापूर्वी काठावर हा नियम आम्ही मोठ्याने बोलून ठरवला नसता, तर एकाने खाली शोधत राहून हवा संपवली असती. तेव्हापासून मी तळाला टेकत नाही. शरीर आडवे, गुडघे वाकवलेले, फिन्स वर, आणि पाय खालीवर न मारता बेडकासारखे बाजूला ढकलायचे, ही पद्धत शिकण्यासाठी खाणीइतकी प्रामाणिक जागा मला ठाऊक नाही. चूक झाली की मागे वळून पाहताच ती ढगासारखी लोंबत असते.

पाहण्यासारखे काय, याचे उत्तर खाणीगणिक बदलते. उपसा करणारे पंप बंद झाले की झिरपणाऱ्या पाण्याने खाण भरत जाते, आणि जे न्यायचे राहून गेले ते पाण्याखाली राहते: छिद्रे पाडलेले कडे, जिने, रस्ते, कधी उभी झाडे. इंग्लंडमधील स्टोनी कोव्ह ही मुळात ग्रॅनाइटची खाण होती. जर्मनीतील हेमूर येथील सरोवर हे सिमेंटसाठी खडू काढलेल्या खाणीत तयार झाले. अशा व्यवस्थापित ठिकाणी डायव्हरांसाठी बोटी आणि वाहनेही मुद्दाम बुडवून ठेवलेली असतात. सजीवांमध्ये मासे आणि गोड्या पाण्यातले स्पंज आढळतात, आणि उन्हाळ्याच्या उत्तरार्धात नशीब असेल तर नाण्याएवढे पारदर्शक जेलीफिश. क्रॅस्पेडाकस्टा सोवर्बी नावाची ही जात मूळची चीनमधली असून आता जगभरच्या तळ्यांत आणि खाणींत आढळते. उन्हाच्या तिरिपीत त्यांचा थवा धडधडताना पाहिला, तेव्हा मी थांब्याची वेळ संपल्यावरही तेथेच राहिले होते.

आपल्या डाइव्ह कॉम्प्युटरवर (खोली आणि वेळ मोजणारे मनगटी यंत्र) गोड्या पाण्याचा पर्याय असेल तर तो निवडावा, आणि खाण समुद्रसपाटीपासून ३०० मीटरहून उंच असेल तर उंचीची सेटिंगही तपासावी.

एका बाबतीत मात्र मी आग्रही आहे. डायव्हिंगसाठी अधिकृतपणे खुल्या असलेल्या, बाहेर पडायला पायऱ्या आणि मदतीला माणसे असलेल्या खाणीतच जावे. सोडून दिलेल्या खाणीत तारा, मासेमारीचे दोर आणि अडकवणाऱ्या फांद्या असतात, आणि उभ्या कड्यांमुळे दमलेल्या माणसाला बाहेर येता येत नाही. दोर कापायचे लहान साधन सोबत असावेच. आपल्या प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटर आहे. वेल्समधील डोरोथिया ही पाटीच्या दगडाची खाण १०० मीटरहून खोल असून तेथे अनेक डायव्हरांनी प्राण गमावले आहेत. तळ दिसत नसला की खोली हाक मारते, आणि ती हाक ऐकायची नाही हे काठावरच ठरवावे लागते. पाण्याखालचे बोगदे प्रशिक्षणाशिवाय कितीही सरळ दिसले तरी त्यांत शिरू नये.

पहिल्या दिवशी दोनच डाइव्ह कराव्यात. पहिली थर्मोक्लाइनच्या वर, चौथऱ्याच्या आसपास, केवळ वजने आणि शरीराची स्थिती बसवण्यासाठी. दुसरीत सीमा ओलांडून थोडे खाली, हातात टॉर्च घेऊन. शक्य असल्यास प्रशिक्षणाचे वर्ग नसलेला दिवस निवडावा आणि सकाळी सर्वांत आधी उतरावे, कारण आदल्या दिवशी उसळलेला गाळ रात्रीतून बराच खाली बसतो.