स्कूल बोर्डावर दुसऱ्यांदा उभं राहताना

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. न्यू जर्सीतल्या तुमच्या टाउनच्या स्कूल बोर्डावरची, म्हणजे सरकारी शाळांच्या निवडून आलेल्या मंडळावरची, तुमची तीन वर्षांची पहिली टर्म येत्या जानेवारीत संपते. एप्रिलअखेर ज्या बजेटला तुम्ही हात वर केलात, त्यात शिक्षकांच्या काही जागा गेल्या आणि बसचे काही मार्ग बंद झाले. लोक चिडलेत. अशात पुन्हा उभं राहावं का, आणि राहिलात तर ‘आपली मंडळी’ तारून नेतील का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देते. नाही नेणार. गणपतीला हॉल गच्च भरतो तेव्हा मोह होतो, मान्य. पण त्या गर्दीतले निम्मे लोक शेजारच्या टाउनचे असतात. या राज्यात जवळजवळ 600 स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे शाळांचे वेगवेगळे विभाग, आहेत, हायवे ओलांडला की मतदार वेगळा. उरलेल्यांत एच-वन व्हिसावर नोकरी करणारे आणि ग्रीन कार्डवाले भरपूर, म्हणजे अजून नागरिक न झालेले. त्यांची मुलं तुमच्या शाळेत, टॅक्स तुमच्या टाउनला, पण मत नाही. जे नागरिक झालेत त्यांतल्या कित्येकांनी मतदार म्हणून नाव नोंदवलेलं नसतं. नोंदणी निवडणुकीच्या 21 दिवस आधी बंद होते, आणि ती तारीख नेमकी नवरात्र-दिवाळीच्या धामधुमीत निसटते. तेव्हा आपल्या लोकांसाठी काही करायचंच असेल तर ऑगस्टपासून नोंदणी करवून घ्या, मत कोणालाही देवोत. आणि गणपती बसवणाऱ्या आपल्या मंडळाच्या अध्यक्षांना स्टेजवरून तुमचं नाव घ्यायला सांगू नका. मंडळ 501 सी 3 या धर्मादाय संस्थांच्या कलमाखाली करमुक्त असेल, तर कुठल्याही उमेदवाराचा प्रचार करायला त्यांना कायद्याने मनाई आहे. उगाच त्यांना अडचणीत कशाला टाकायचं?

आता मुख्य मुद्दा. पहिल्या वेळी लोकांनी तुमचा चेहरा आणि तुमचं बोलणं पाहिलं. या वेळी ते तुम्ही दिलेली मतं बघणार. ती सगळी मीटिंगच्या इतिवृत्तात आहेत, बहुतेक यूट्यूबवरही असतील. कोणीतरी त्यातलं बजेटचं एक मत उचलणार, त्याचा फोटो टाउनच्या फेसबुक ग्रुपवर टाकणार, आणि खाली दीडशे कमेंट पडणार. त्याच्या आधी तुम्हीच ते मत लोकांपुढे ठेवा. दुसऱ्या निवडणुकीतलं निम्मं काम हेच आहे असं मी मानते.

सगळा राग तुमच्यावरच का निघतो, तेही समजून घ्या. पूर्वी इथे एप्रिलमध्ये शाळेची निवडणूक व्हायची आणि बजेटच मतपत्रिकेवर यायचं. शाळेसाठीचा घरावरचा टॅक्स वाढला की लोक बजेट पाडायचे, मग टाउन कौन्सिल, म्हणजे नगरपालिका, त्यात काटछाट सुचवायची, आणि राग तिथेच जिरायचा. जानेवारी 2012 मध्ये कायदा बदलला. निवडणूक नोव्हेंबरात नेली आणि टॅक्सवाढ 2 टक्क्यांच्या मर्यादेत ठेवली, तर बजेट मतदारांकडे न्यायची गरजच उरली नाही. बहुतेक सगळ्या डिस्ट्रिक्टनी हा मार्ग धरला. सोय झाली खरी, पण ‘नाही’ म्हणायची जागा गेली. आता ‘नाही’ म्हणायचं तर बोर्डाच्या मेंबरलाच म्हणावं लागतं.

ती 2 टक्क्यांची मर्यादा 2010 च्या कायद्याने आली. तिला काही अपवाद आहेत, विद्यार्थी वाढले किंवा विम्याचा खर्च एका प्रमाणाबाहेर गेला तर थोडी मुभा मिळते. पण कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्याचे हप्ते आणि स्पेशल एज्युकेशनचा, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा, खर्च 2 टक्के बघून वाढत नाहीत. त्यात 2018 च्या कायद्याने राज्याची मदत सात वर्षांत नव्याने वाटली गेली. काही डिस्ट्रिक्टना जास्त मिळाली, काहींची दरवर्षी कमी होत गेली. तुमचं डिस्ट्रिक्ट यात कुठे बसतं हे आकड्यांसकट पाठ हवं. ‘राज्याने पैसे दिले नाहीत’ एवढंच म्हणालात तर ती पळवाट वाटते. अमुक वर्षी इतके मिळत होते आणि यंदा इतके मिळाले, असं सांगितलंत की समोरचा निदान ऐकून घेतो.

दारोदार जाल तेव्हा बसचा प्रश्न हमखास येणार. मागे मी बोर्डावर असताना, प्रचारात एका दारात एक बाई मुलीचं दप्तर हातात धरूनच माझ्याशी बोलल्या. शाळा पावणेदोन मैलांवर, वाटेत चार लेनचा रस्ता, आणि बस बंद. त्यांना मी सांगितलं ते असं: आठवीपर्यंत 2 मैलांच्या पुढे आणि हायस्कूलला अडीच मैलांच्या पुढे बस देणं डिस्ट्रिक्टला कायद्याने भाग आहे. त्याच्या आत जी बस मिळते ती कर्टसी बस, आणि पैसे कमी पडले की आधी तीच जाते. मग म्हणाले, ‘त्या वर्षी बस किंवा वाचनाच्या शिक्षिका यांतलं एकच ठेवता येत होतं. मी शिक्षिकांच्या बाजूने मत दिलं. तुमच्या रस्त्याचा प्रश्न मात्र खरा आहे, तो धोकादायक रस्त्यांच्या यादीत घ्यायला टाउनशिपकडे मागणी करता येईल, मी तुमच्याबरोबर मीटिंगला येते.’ बाई हसल्या वगैरे नाहीत. पण दारही लावून घेतलं नाही, आणि पुढच्या टाउनशिप मीटिंगला खरंच आल्या.

अशी उत्तरं देताना एक भान ठेवा. बोर्डावर नऊ जण असतील तर तुमचं मत नवातलं एक. ‘मी नवीन सायन्स लॅब आणली’ असं पत्रकावर छापलंत की बाकीचे आठ जण दुखावतात, आणि ते खरंही नसतं. तसंच ‘निवडून आलो तर त्या प्रिन्सिपलला बदलतो’ हे चुकूनही बोलू नका. बोर्डाच्या आचारसंहितेत स्पष्ट आहे की शाळा चालवणं आपलं काम नाही, ती नीट चालतेय ना हे पाहणं आपलं काम. रोजचा कारभार सुपरिंटेंडंटचा, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या मुख्य अधिकाऱ्याचा.

सगळ्यात अवघड जातात ते गोपनीय विषय. एखाद्या लोकप्रिय शिक्षकाचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलं गेलं नाही, मुलांनी सह्या गोळा केल्या, पालक लाल टी-शर्ट घालून मीटिंगला आले. तुम्हाला कारण माहीत आहे, आणि बंद दारामागचं ते कारण तुम्ही सांगू शकत नाही. प्रतिस्पर्धी उमेदवाराला असं काही बंधन नाही, तो हवं ते बोलेल. तिथे मतं जातील. जाऊ द्या. एक वाक्य जरी बाहेर पडलं तरी बोर्ड मेंबरांच्या वागणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या स्कूल एथिक्स कमिशनकडे तक्रार जाऊ शकते, आणि त्या शिक्षकावरही अन्याय होतो.

विद्यमान मेंबर म्हणून आणखी काही पथ्यं आहेत, ती भराभर सांगते. डिस्ट्रिक्टचा ईमेल, लोगो, पालकांची यादी, शाळेतले कर्मचारी, यातलं काहीही प्रचारात वापरायचं नाही. सोशल मीडियावर लिहाल तिथे ‘हे माझं वैयक्तिक मत, बोर्डाच्या वतीने नाही’ ही ओळ हवीच. शिक्षक युनियन पाठिंबा देऊ करेल, तो लगेच घेऊ नका. पुढे त्यांच्याच कॉन्ट्रॅक्टच्या वाटाघाटी आल्या तर तुम्हाला बाजूला बसावं लागू शकतं, म्हणून आधी बोर्डाच्या वकिलाला विचारा. पैसे गोळा करणार असाल तर राज्याच्या निवडणूक खर्चाच्या आयोगाचे नियम आधीच वाचून ठेवा.

तिघांचं पॅनल करून लढायचं की एकट्याने, हेही तुम्ही विचारलंय. निवडणूक कागदोपत्री पक्षविरहित असली तरी पॅनलमागे कोण आहे हे लोकांना कळतं. 2023 मध्ये मिडलटाउन, मार्लबोरो आणि मॅनलपन इथल्या बोर्डांनी ट्रान्सजेंडर विद्यार्थ्यांबद्दल पालकांना कळवण्याचं धोरण आणलं, राज्याच्या अॅटर्नी जनरलनी त्यांच्यावर खटले भरले, आणि तेव्हापासून बसच्या वेळांवरून चाललेली सभासुद्धा कधी त्या विषयावर घसरेल सांगता येत नाही. पॅनलमधला जोडीदार त्यावर जे बोलेल ते तुमच्याही नावावर लागतं. मी एकटीने लढले. जागा तीन असल्या तरी ‘तीन मतं द्याच असं नाही, मला एक दिलंत तरी चालेल’ हे सांगायला एकट्याला संकोच वाटत नाही.

वेळेचा हिशोब ऑक्टोबरपासून धरू नका. पोस्टाने मत देणाऱ्यांच्या मतपत्रिका 45 दिवस आधी, म्हणजे सप्टेंबरातच घरी पोचायला लागतात, आणि ही मंडळी मत नक्की देतात. लॉनवरच्या पाट्या लागेपर्यंत त्यांतल्या बऱ्याच जणांचं मत देऊन झालेलं असतं. प्रत्यक्ष मतदानातही स्कूल बोर्डाचा रकाना मतपत्रिकेच्या पार एका टोकाला असतो. वरची मोठी नावं झाली की कित्येक जण तिथपर्यंत जातच नाहीत. तो रकाना कुठे आहे हे तुमच्या कार्डावर छापा. घोषणेपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

राहिला पहिला प्रश्न, उभं राहावं का. अर्ज जुलैच्या शेवटच्या सोमवारी दुपारी 4 पर्यंत काउंटी क्लर्ककडे, म्हणजे जिल्ह्याच्या निवडणुकीचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जायला हवा, म्हणजे अजून वेळ आहे. सह्या तुमच्याच डिस्ट्रिक्टच्या नोंदणीकृत मतदारांच्या लागतात. काही बाद होतात, म्हणून लागतात त्यापेक्षा बऱ्याच जास्त घ्या. त्या मित्रांच्या घरी चहा घेत गोळा करू नका. ज्या रस्त्यावरची बस बंद झाली, त्या रस्त्यावर जाऊन मागा. बजेटच्या मताबद्दल तिथे उभं राहून बोलता आलं आणि त्यातल्या काहींनी कुरकुरत का होईना सही केली, तर अर्ज भरा. तिसऱ्या-चौथ्या दारानंतर पुढच्या घरी जायला पाय उचलेनासे झाले, तर या वर्षी थांबा. बोर्ड कुठे पळून जात नाही, दरवर्षी काही जागा रिकाम्या होतातच.