खाडा कुणाचा धरायचा?

"माझ्या टीममध्ये कुणी रोज येतं, कुणी आठवड्यातून एकदा, कुणी महिनाभर तोंड दाखवत नाही. सक्ती केली तर माणसं सोडून जातात, मोकळं सोडलं तर येणारे धुमसतात. मी करू तरी काय?" काही दिवस ऑफिसात, काही दिवस घरून अशी हायब्रीड पद्धत आल्यापासून हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडून येतो. त्यातला एक अनुभव इथे सांगते. जिचा आहे तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती बेळगावच्या टिळकवाडीतली, पस्तिशीची. मशीनच्या सुट्या भागांची डिझाइनं करणाऱ्या ऑफिसात अकरा जणांची टीम लीड. नियम आठवड्यातून तीन दिवस येण्याचा. पहिल्याच भेटीत तिने पर्समधून वही काढली. डावीकडे नावं, वर तारखा, आलेल्याला हिरवा ठिपका, न आलेल्याला लाल फुली. फुल्या इतक्या दाबून मारलेल्या की मागच्या पानावर त्यांचे वळ हाताला लागत होते.

"ह्याचे ह्या महिन्यात नऊ खाडे," ती म्हणाली.

मी तिला तिथेच थांबवलं. डिझाइनच्या ऑफिसात 'खाडा' कोण म्हणतं? तिचे बाबा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात, साचे करणारे मोल्डर होते. खाडा पडला की पगार कापला जायचा, आणि घरात त्या आठवड्यात काय शिजणार हेही ठरायचं. निवृत्तीनंतरही संध्याकाळी लेक घरी आली की ते विचारतात, "आज किती जण आले?" आणि आकडा कमी असला की तिला शरमल्यासारखं होतं. वहीतल्या फुल्यांना एवढा जोर कुठून येत होता, ते दोघींनाही तेव्हा कळलं.

दुसऱ्या भेटीत फुल्यांमागची माणसं बघितली. एक निपाणीचा, येऊन-जाऊन दीडशे किलोमीटर, घरी आई अंथरुणाला खिळलेली. एक मुलगी खानापूरकडच्या गावातली. आषाढात तिकडे झाड पडलं की एसटीही नाही आणि लाइटही नाही, म्हणजे ऑफिसही बुडतं आणि घरचं कामही. एक जण नुसताच चुकार होता. त्याच्याशी सरळ, कामावरून बोलायचं एवढंच ठरलं. अशा एकासाठी सगळ्यांवर नियम आवळणं मला कधीच पटलेलं नाही.

आणि एक मुलगा, चंदगड तालुक्यातला, बेळगावातच शहापुरात खोली करून राहणारा. खोलीत टेबल मावत नाही म्हणून रोज ऑफिसात यायचा. त्याच्या नावापुढे एकही फुली नव्हती, पण सगळ्यात जास्त दुखावलेला तोच होता. चारच्या चहाला तो तिला म्हणाला होता, "अक्का, मी येतो म्हणून कुरिअर मीच घ्यायचं, ड्रॉइंग छापायचा प्लॉटर अडकला की मीच बघायचं, क्लायंट आला की मीच वर्कशॉप दाखवायचं. घरी बसलेल्यांना कोण काय सांगतंय वो?"

1963 मध्ये मानसशास्त्रज्ञ ॲडम्स यांनी मांडलं होतं की माणूस आपण किती दिलं आणि काय मिळालं एवढंच बघत नाही, ते शेजारच्याशी ताडून बघतो. ह्या मुलाचा राग रिकाम्या खुर्च्यांवर नव्हता. नुसतं हजर असल्याने अंगावर पडणाऱ्या ज्या कामाला नावच नाही, त्यावर होता. म्हणून मी तिला फुल्या थांबवून दुसरी नोंद ठेवायला सांगितली: दोन आठवडे, केवळ हजर असल्यामुळे कुणाला काय करावं लागलं, ते लिहायचं. दोन पानं भरली. बहुतेक ओळींत एकच नाव.

पण त्याच भेटीत तिने आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली: "जो समोर दिसतो, चांगलं काम मी त्यालाच देते." चीनमधल्या एका प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरवरचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात घरून काम करणाऱ्यांचं काम 13 टक्क्यांनी वाढलं होतं, पण त्या कामाच्या मानाने बढत्या मात्र कमी मिळाल्या होत्या. खानापूरच्या मुलीचं हेच होत होतं. म्हणजे येणाराही भरडला जात होता आणि न येणारीही.

त्याच कंपनीत पुढे सोळाशेहून जास्त लोकांवर झालेला अभ्यास 2024 मध्ये आला. आठवड्यातले दोन दिवस घरून काम दिल्यावर नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण तिसऱ्या हिश्श्याने घटलं, कामगिरीत फरक पडला नाही. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की घरून कामाचे वार ठरलेले होते, बुधवार आणि शुक्रवार. उरलेल्या दिवशी सगळे एकमेकांना भेटत.

"पण आमचे वार ठरवायचे कशावरून?" तिने विचारलं. मी म्हटलं, बाबांना विचार, फाउंड्रीत सगळ्या कामाला सगळे लागायचे का?

बाबांनी तिला बसवून सांगितलं. कोअर, म्हणजे साच्यात बसवायचा वाळूचा गाभा, ज्याचा त्याने आपल्या वेळेत करावा. पण भट्टी लागली की सगळे गडी जागेवर पाहिजेत, रस कुणासाठी थांबत नाही. साच्यात अर्धा पडून गार झाला तर माल भंगारात.

मग तिने आपल्या टीमचं ओतकाम शोधलं. नव्या ड्रॉइंगची तपासणी, क्लायंटची पहिली बैठक, नवख्यांना शिकवणं. हे सगळं मंगळवारी आणि गुरुवारी ठेवलं. दोन पानांची ती यादी घेऊन ती वरच्या साहेबांकडे गेली आणि तिसरा दिवस ज्याचा त्याने निवडायचा हे मान्य करून घेतलं. कुरिअर-प्लॉटरच्या कामांना पाळ्या लावल्या. येऊ न शकणाऱ्यांनी क्लायंटचे संध्याकाळचे कॉल आणि कागदपत्रं अंगावर घेतली. निपाणीच्या गृहस्थांना सहा महिने फक्त मंगळवार. ही सवलत त्यांना विचारूनच टीमपुढे सांगितली, कारण मात्र त्यांचं त्यांच्याकडे राहिलं. चोरून दिलेल्या सवलतीने टीम फुटलेली मी खूप वेळा पाहिली आहे, म्हणून ह्यावर मी अडून बसले होते.

सगळं सुरळीत झालेलं नाही. तिसऱ्या दिवसावरून अजून कुरबुर होते, आणि खानापूरच्या मुलीच्या बढतीचं मार्चमध्ये बघायचं आहे. त्यासाठी आता प्रत्येकाला कुठलं काम दिलं ते ती लिहून ठेवते, त्याच वहीत, मागच्या बाजूने. परवा सांगत होती, शुक्रवारी शहापूरचा मुलगा पहिल्यांदाच गावी राहून काम करत होता. कुरिअर आलं, ते खानापूरच्या मुलीने घेतलं.