'की' आणि 'दॅट' : बाबांचे बोलणे इंग्रजीत कसे सांगावे?

प्रश्न : माझी मुलगी नववीत शिकते. तिला इंग्रजी शब्द पुष्कळ येतात. पण घडून गेलेली हकिगत लिहायला घेतली, की वाक्ये बिघडतात. 'बाबांनी मला सांगितले, की मी उद्या होडीतून येईन' हे तिने 'फादर टोल्ड टू मी दॅट आय विल कम फ्रॉम बोट टुमॉरो' असे लिहिले. वाक्य खोडले गेले. पण चूक नेमकी कोठे आहे, हे तिलाही उमगले नाही आणि मलाही. कृपया समजावून सांगावे.
— एक आई, हर्णै (ता. दापोली)

उत्तर : आपल्या मुलीच्या मनातले मराठी वाक्य निर्दोष आहे, आणि म्हणूनच नुसत्या खोडण्याने तिला काही कळणार नाही. मराठीत 'की'च्या पुढे आपण बहुधा बोलणाऱ्याचेच शब्द ठेवतो. 'मी' म्हणजे बाबा आणि 'उद्या' म्हणजे बाबा बोलले त्याचा दुसरा दिवस, हे ऐकणारा आपोआप ओळखतो. इंग्रजीत 'दॅट' आला, की पुढचे सारे सांगणाऱ्याच्या, म्हणजे मुलीच्या, जागेवरून बोलावे लागते. तिच्या दृष्टीने बाबा 'आय' नव्हेत, 'ही' आहेत. बोलणे होऊन गेलेले असल्यामुळे 'विल'चे 'वुड' होते. आणि ती हे नंतर कधीतरी लिहीत असेल, तर 'टुमॉरो'च्या जागी 'द नेक्स्ट डे' येते. वाक्य असे होईल : 'फादर टोल्ड मी दॅट ही वुड कम बाय बोट द नेक्स्ट डे.' 'आय' तसाच राहिला, तर होडीने मुलगीच येणार आहे असा अर्थ होतो. म्हणून ही चूक मी सर्वांत गंभीर मानतो.

जी गोष्ट नेहमीच खरी असते, तिथे मात्र वर्तमानकाळ ठेवता येतो. 'आजोबा म्हणाले, की भरती दिवसातून दोनदा येते' याचे 'ग्रँडफादर सेड दॅट द टाइड कम्स इन ट्वाइस अ डे' हे भाषांतर बरोबर आहे, कारण आजोबांचे बोलणे संपले तरी भरती येतच राहते.

'टोल्ड'ला ऐकणारी व्यक्ती लगेच पुढे लागते आणि मध्ये 'टू' चालत नाही. 'सेड'ला व्यक्ती नसली तरी चालते, पण ती आलीच तर 'सेड टू मी' असे म्हणावे लागते. मराठीत दोन्हीकडे 'मला'च असल्याने मुलांचा येथे हमखास गोंधळ होतो. आणखी एक लहानशी गोष्ट म्हणजे 'की'पूर्वी आपण देतो तसा स्वल्पविराम अशा वाक्यांत 'दॅट'पूर्वी देत नाहीत.

आता 'होडीतून'. आपले शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येते आणि त्याआधी नामाचे सामान्यरूप होते. इंग्रजीत ते स्वतंत्र शब्द म्हणून नामाच्या आधी उभे राहते, आणि एका मराठी शब्दाला एकच इंग्रजी शब्द लावून ते सापडत नाही. 'तून' म्हणजे 'फ्रॉम' असे पाठ केलेले मूल 'फ्रॉम बोट' लिहिणारच. पण प्रवासाचे साधन सांगताना 'बाय' लागते. 'टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला' हे वाक्य तिला द्या. 'टिळक वॉज बॉर्न इन रत्नागिरी ऑन २३ जुलै १८५६' यात गावाला 'इन' आहे आणि तारखेला 'ऑन'. नुसते साल असते, तर तिथेही 'इन'च आले असते. क्रमही पाहा : आपण काळ आधी सांगतो, इंग्रजीत सहसा स्थळ आधी येते.

भूतकाळाच्या क्रियापदांची फार धास्ती नको. 'मुलीने मासा खाल्ला, भाकरी खाल्ली, आंबे खाल्ले' हे बदल जिला बिनचूक येतात, तिला तिन्ही ठिकाणचे एकच 'एट' जड जाऊ नये. फक्त 'डिड' आला, की मूळ रूप येते, म्हणून 'डिड नॉट एट' नव्हे, 'डिड नॉट ईट'.

सरावासाठी वेगळे पुस्तक आणू नका. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव होतो, तेव्हा कोण काय म्हणाले याची पाच वाक्ये तिने आधी मराठीत 'की' घालून लिहावीत, प्रत्येकातला 'मी' कोण हे समासात नोंदवावे, आणि त्यानंतरच इंग्रजीला हात घालावा.