‘अनसॅटिस्फाइड डिपेंडन्सी’ आली की आधी काय बघावं

ठाणे (पश्चिम)

प्रिय मित्रा,

तुझं जावा अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवर चढताना ‘अनसॅटिस्फाइड डिपेंडन्सी’ (क्लासला हवी ती वस्तू सापडली नाही) अशी एरर येते, तिचा काल रात्री तू पाठवलेला लॉग सकाळी नीट वाचला. रिलीजच्या आठवड्यात ऐरोलीतल्या ऑफिसांमध्ये किती धावपळ असते ते मला ठाऊक आहे, म्हणून आधी कामाचं सांगते. तुझ्या क्लासमधलं लॉजिक बरोबर आहे. तो क्लास ठेवलाय मात्र भलत्या ठिकाणी.

वेल्ड-००१४०८ हा या एररचा नंबर दिसला की बहुतेक जण अ‍ॅनोटेशनच्या मागे लागतात. तूही लागलास: @नेम्ड लावलंस, क्वालिफायर बदललास, रिकामी बीन्स.एक्सएमएल ही सेटिंगची फाइल टाकलीस. त्याऐवजी एररमधली ‘अ‍ॅट इंजेक्शन पॉइंट’ची ओळ वाच. मागणारा कोण, ते तिथे असतं. तुझ्याकडे मागणारा आहे ऑडिटचा क्लास, आणि तो इअरच्या (सगळ्या प्रोजेक्टच्या पॅकेजच्या) लिब फोल्डरमधल्या जारमध्ये (क्लासच्या गठ्ठ्यात) आहे. त्याला हवा असलेला ‘चालू वापरकर्ता’चा इंटरफेसही त्याच जारमध्ये आहे, पण तो इम्प्लिमेंट करणारा क्लास वॉरमध्ये, म्हणजे इअरमधल्या वेबच्या भागात. वॉरला लिबमधलं सगळं दिसतं, लिबला वॉरमधलं काहीच दिसत नाही. सोसायटीत घरातून पॅसेजमध्ये केव्हाही येता येतं, पण पॅसेजमधल्या माणसाला बंद दारामागचं दिसत नाही, तसं. सीडीआय, म्हणजे क्लासला लागणाऱ्या वस्तू आपोआप पुरवणारी जावाची यंत्रणा, हीच शिस्त पाळतं. बीन (अशी पुरवायची वस्तू) कुठेतरी असून भागत नाही, मागणाऱ्या मॉड्यूलमधून ती दिसावी लागते.

रिकाम्या बीन्स.एक्सएमएलचा सल्ला जुन्या लेखांतून आला असणार. २००९ च्या जावा ईई ६ मध्ये (सर्व्हरवरच्या जावाच्या मानकात) ती फाइल असणं हीच बीन आर्काइव्हची, म्हणजे बीन शोधायच्या जारची, खूण होती. २०१३ च्या जावा ईई ७ पासून स्कोपची अ‍ॅनोटेशन असलेले क्लास फाइल नसतानाही सापडू लागले, आणि २०२२ च्या सीडीआय ४.० पासून रिकामी फाइल ठेवली तरी तेवढेच सापडतात. तुझी अडचण क्लास सापडण्याची नाहीच, मागणाऱ्याला तो दिसण्याची आहे, त्यामुळे ती फाइल काढून टाकलीस तरी चालेल.

आता उपाय. लिबच्या जारमध्येच @रिक्वेस्टस्कोप्ड (एका रिक्वेस्टपुरता जगणारा) असा छोटा क्लास ठेव, ज्यात फक्त वापरकर्त्याचं नाव राहील. वॉरमधला फिल्टर प्रत्येक रिक्वेस्टच्या सुरुवातीला ते नाव त्यात भरेल आणि ऑडिट तिथूनच वाचेल. एचटीटीपी सेशनची माहिती वॉरबाहेर जातच नाही. टीममध्ये कुणी स्टॅटिक मॅप (सगळ्या रिक्वेस्टना सामाईक यादी) सुचवेल, तर कृपा करून ऐकू नकोस. एकाच वेळी दोघं लॉगिन असतील तर एकाच्या व्यवहारावर दुसऱ्याचं नाव पडेल, आणि ऑडिटमधली खोटी नोंद ही नोंदच नसण्यापेक्षा वाईट.

एक जागा मात्र फार जपून बघ. तीच जार वॉरच्या वेब-इन्फ/लिबमध्येही गेली असेल, तर एकही एरर न येता नाव रिकामं येऊ शकतं. जावासाठी क्लासची ओळख नुसत्या नावावर ठरत नाही, तो कोणत्या क्लासलोडरने (क्लास मेमरीत आणणाऱ्या भागाने) उचलला तेही त्यात येतं. वाइल्डफ्लाय हा तुमचा जावा सर्व्हर वॉरमधली प्रत आधी घेतो, इअरमधल्या इतर मॉड्यूलकडे नंतर जातो. म्हणजे फिल्टर स्वतःच्या प्रतीत नाव भरत राहील आणि ईजेबीतला (व्यवहाराचं काम करणाऱ्या मॉड्यूलमधला) कोड इअरच्या प्रतीत बघत राहील. कास्ट करायला गेलास तर अमुक क्लासचा तोच क्लास करता येत नाही, असं चक्रावून टाकणारं क्लासकास्ट एक्सेप्शन येतं. मेव्हन या बिल्डच्या टूलमध्ये वॉरच्या बाजूने ती डिपेंडन्सी प्रोव्हायडेड कर, म्हणजे ती जार वॉरमध्ये भरली जाणार नाही.

वाइल्डफ्लायमध्ये इअर-सबडिप्लॉयमेंट्स-आयसोलेटेड ही सेटिंग मुळात फॉल्स असते, त्यामुळे ईजेबी जार एकमेकींना सहज दिसतात. तुमच्या डेव्ह सर्व्हरवर ती ट्रू कर, असं मी आग्रहाने सांगेन. मग कुठली जार कुठलीवर अवलंबून आहे ते मॅनिफेस्टच्या क्लास-पाथमध्ये लिहावंच लागतं, आणि उद्या सर्व्हर बदलला तरी गाडी अडत नाही. वॉर मात्र त्या सेटिंगने कुणालाच उघडं होत नाही, तेव्हा तिच्यात तुझा उपाय शोधू नकोस.

आज बिल्ड झाली की इअर अनझिप करून ती जार किती ठिकाणी आहे ते बघ आणि मला कळव. एकाहून जास्त ठिकाणी निघाली तर वॉरची पॉम फाइलही (मेव्हनची सेटिंग) पाठव, संध्याकाळी फोनवर बोलू.

तुझी,
ताई