गाडी चोरीला जाऊ नये म्हणून रिमोटवर चालणारा किल स्विच बसवावा का?

तुमचा प्रश्न असा, की २०१४ ची वॅगनआर नागपूरच्या मनीषनगरात रस्त्यावर उभी असते, शेजारची गाडी गेल्यापासून तुम्हाला धास्ती बसली आहे, आणि ॲक्सेसरीवाला रिमोटने व मोबाईलनेही इंजिन बंद करणारं यंत्र लावून देतो म्हणतो. लावावं का, आणि कोणत्या कंपनीचं?

उभी गाडी सुरू होऊ न देणारं काहीही लावा. चालती गाडी लांबून बंद करणारं यंत्र कोणी फुकट दिलं तरी लावू नका. दुकानदार ही दोन्ही 'किल स्विच' या एकाच नावाने विकतात आणि गिऱ्हाईकही फरक विचारत नाही. मी विचारतो, कारण असं यंत्र लावलेल्या गाडीत मी बसलेलो होतो आणि बटण दाबणारा माणूस माझ्याच घरचा होता.

आमचे भाऊजी, म्हणजे मोठ्या बहिणीचे यजमान, नवीन वस्तूचे फार शौकीन. त्यांनी डिझायरमध्ये जीपीएस ट्रॅकर लावून घेतला. त्यात सिमकार्ड, आणि ट्रॅकरच्या एका वायरीवर रिले, म्हणजे विजेवर चालणारा, करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच. ॲप उघडलं की नकाशावर गाडी दिसते, खाली लाल बटण. दाबलं की इंजिन बंद. घरी कोणी आलं की प्रात्यक्षिक ठरलेलं: अंगणात गाडी सुरू ठेवायची, आत कुलरसमोर येऊन बसायचं, बटण दाबायचं, आणि बाहेर गाडी गपकन बंद. लहान पोट्टे टाळ्या वाजवायचे. मी तेव्हाच म्हटलं होतं, की भाऊजी, उभ्या गाडीवर हे ठीक आहे, धावत्या गाडीचं काय? ते म्हणाले, "चोर पळून राहिला असंल तं धावत्याच गाडीले थांबवा लागते ना बे!" तिथून आमचा वाद सुरू झाला.

मे महिना होता, पारा ४५ च्या पलीकडे. बुटीबोरीला ताईच्या नणंदेकडून कुरोड्या आणि मुंगवड्यांचे डबे आणायचे होते. भाऊजी जेवून झोपलेले. ताई म्हणाली, झोपू दे त्यांना, घेऊन जा गाडी. भाचा चालवायला, मी बाजूला. आम्ही निघालो आणि ताई शेजारी जाऊन बसली. भाऊजींना जाग आली तेव्हा घरात कोणी नाही, अंगणात गाडी नाही आणि ॲपमध्ये गाडी वर्धा रोडवर ऐंशीच्या वेगाने शहराबाहेर जाताना दिसते.

आम्ही खापरी पार केलं होतं, जामठ्याचं स्टेडियमही मागे पडलं होतं. उजव्या लेनमध्ये होतो, मागे गिट्टीचा टिप्पर. एकाएकी एसी बंद, डॅशबोर्डवरचे सगळे काटे खाली, आणि भाचा ओरडला, "मामा, स्टेअरिंग वळत नाही!" इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगची वीज गेली की स्टेअरिंग वळतं, पण इतकं जड होतं की ऐनवेळी माणसाला ते जाम झालंय असंच वाटतं. त्याने घाबरून ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला. इंजिन बंद झाल्यावर ब्रेकच्या बूस्टरमध्ये (पेडल हलकं करणारा भाग) उरलेला व्हॅक्यूम एकदोनदा साथ देतो, मग पेडल दगडासारखं होतं. मी म्हटलं, आता पाय उचलू नको, दाबूनच ठेव. एका हाताने मी हॅझर्डचं बटण दाबलं (ते थेट बॅटरीवर असतं म्हणून चाललं), दुसऱ्या हाताने त्याच्यासोबत स्टेअरिंग डावीकडे ओढलं. टिप्परवाल्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही, पण त्याने ब्रेकही मारला. त्या अनोळखी माणसाने नजर रस्त्यावर ठेवली होती म्हणून मी आज हे उत्तर टाइप करतोय. ॲपने आम्हाला वाचवलं नाही, एवढं लक्षात असू द्या.

गाडी कडेला लागल्यावर बॉनेट उघडलं, बॅटरीचे टर्मिनल हलवले, फ्यूज बघितले. सगळं ठीक, तरी गाडी मेलेली. तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. भाऊजींनी ११२ ला फोन करून गाडीचा नंबर आणि जागा दोन्ही दिली होती! आम्हाला खाली उभं करून विचारपूस. आरसी घरी, माझा फोनही घरी चार्जिंगला. शेवटी हवालदाराने भाच्याचं लायसन्स हातात घेतलं, त्यावरचं बापाचं नाव वाचलं, तक्रारदाराचं नाव वाचलं, आणि भाच्याकडे बघून म्हणाला, "बापाचीच गाडी चोरून राहिला का रे?" मग त्याने भाऊजींना फोन लावून दिला. मी विचारलं, बटण दाबण्याआधी पोराला एक फोन का नाही केला? उत्तर आलं, "चोराले फोन करू का मी?"

तुम्हाला वाटेल ते शरमले असतील. अजिबात नाही. नात्यातल्या प्रत्येक लग्नात, पंगत उठली की ही गोष्ट निघते, आणि त्यांच्या तोंडून ती अशी असते: "सिस्टिमनं काम केलं. गाडी गेली, मी थांबवली, पोलीस पोहोचले." लोक हसतात. चोर म्हणून माझ्याकडे बोट दाखवतात. हसण्याला माझी हरकत नाही, पण "काम केलं" याला आहे.

कारण गाडी तिथून सुरूही झाली नाही. भाऊजींनी घरून पुन्हा चालू करायची कमांड पाठवली, ॲपने झालं म्हणून सांगितलं, पण गाडी ढिम्म. टोचन लावून गणेशपेठेत माझ्या ओळखीच्या जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्याने स्टेअरिंगखालचं कव्हर काढलं आणि आतलं काम बघून कपाळाला हात लावला. लावणाऱ्याने रिले इग्निशनच्या मेन वायरवर टाकला होता. तिथे हात सहज पोहोचतो, पंधरा मिनिटांत काम होतं, म्हणून. पण त्या वायरीवर इंजिनचा कॉम्प्युटर, पॉवर स्टेअरिंग, एबीएस, एअरबॅग असं सगळंच अवलंबून असतं. म्हणजे चालत्या गाडीत तो रिले पडला की इंजिनासोबत एअरबॅगही गेली. जोड काय, तर वायर पिळून वरून काळी टेप. नागपूरच्या उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डमागे टेपचा गोंद वितळून चिकचिक झालेला, आणि इतक्या लोडसाठी लहान पडणारा रिले जळून कॉन्टॅक्ट उघडाच राहिलेला.

मिस्त्री म्हणाला, बरं झालं रिले बटण दाबलं तेव्हा गेला, आपोआप गेला असता तर घाटात गेला असता. हे वाक्य मी भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, मिस्त्रीलोक असंच बोलतात.

आता तुमच्या वॅगनआरकडे येतो. गाडीत चावीच्या चिपवाला इमोबिलायझर, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी सोय, आहे का ते आधी बघून घ्या. असला तरी त्यावर विसंबू नका. सराईत चोर ओबीडी सॉकेटला (गाडी तपासायचं यंत्र जोडायची जागा) यंत्र लावून नवी चावी कोड करतात, नाहीतर दुसरा ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि लॉकसेटच सोबत आणतात. त्यांना अडवतो तो कंपनीच्या नकाशात नसलेला अडथळा, म्हणजे तुमच्या गाडीत नेमका कुठे आहे हे त्यांना माहीत नसलेला एक कट. तो दोन ठिकाणी टाकता येतो. एक स्टार्टरच्या (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटार) बारीक वायरवर, म्हणजे चावी फिरवल्यावर सोलेनॉइडला, त्या मोटारीच्या विजेच्या स्विचला, करंट नेणाऱ्या वायरीवर. इथे कट असला तर गाडी सुरूच होत नाही, आणि एकदा सुरू झाली की तो कट पडला काय, उठला काय, इंजिनाला काही फरक पडत नाही. दुसरी जागा फ्युएल पंपाच्या रिलेची कॉइल, म्हणजे रिलेला ओढणारं तारेचं वेटोळं. तिथे करंट इतका कमी असतो की काही गरम होत नाही, आणि गाडी लाइनमध्ये उरलेल्या प्रेशरवर क्षणभर सुरू होऊन बंद पडते, चोराला वाटतं गाडीच बिघडलेली आहे. पण घरात दोनचार जण गाडी चालवत असतील तर पंपाचा नाद करू नका. कोणी स्विच लावायला विसरला तर गाडी गेटबाहेर नेमकी रस्त्याच्या मधोमध मरते. स्टार्टरच बरा. धक्का मारून सुरू करता येईल हे खरं, पण रात्री दोन वाजता मनीषनगरच्या गल्लीत धक्का मारत बसणारा चोर दुसरी गाडी बघतो.

माझ्या स्वतःच्या गाडीत त्याच मिस्त्रीने लावलेला साधा लपवलेला टॉगल, म्हणजे खटक्याचा स्विच, आहे. रिमोट नाही, सिम नाही, ॲप नाही. सर्व्हिसिंगला दिली की तिथल्या पोट्ट्याला सांगावं लागतं, नाहीतर गाडी जागची हलत नाही.

रिमोटच हवा असेल तर घ्या, पण स्टार्टरवरच लावून घ्या. स्वस्तातले ४३३ मेगाहर्ट्झचे रिमोट बहुतेक एकच ठरलेला कोड पाठवतात. गेटच्या रिमोटची कॉपी करून देणारा दुकानदार त्याचीही कॉपी करून देईल. प्रत्येक वेळी कोड बदलणारा, म्हणजे रोलिंग कोडवाला मागा. आणि रिमोटचा सेल संपला तर काय करायचं, हे पैसे द्यायच्या आधी विचारा.

भाऊजींचा एक आवडता मुद्दा असतो: अमेरिकेत कंपनी स्वतःच चोरीची गाडी लांबून बंद करते. अर्धी माहिती आहे. जनरल मोटर्सने ऑनस्टार या आपल्या गाड्यांना लांबून जोडणाऱ्या सेवेत २००९ च्या मॉडेलांपासून अशी सोय दिली, पण ती इंजिन तोडत नाही. पोलिसांना गाडी समोर दिसते आहे याची खात्री झाल्यावर वेग हळूहळू कमी केला जातो, स्टेअरिंग आणि ब्रेक चालूच राहतात. तिथल्या कर्ज देणाऱ्या कंपन्या हप्ते थकवणाऱ्यांच्या गाडीत यंत्र लावतात, तेही गाडी सुरू होऊ न देणारं. हप्ता बुडवणाऱ्याला जी दया दाखवतात तेवढी भाऊजींनी साळ्याला दाखवायला हरकत नव्हती.

न्यायाला धरून हेही सांगतो, की काही ट्रॅकर कमांड आली तरी वेग २० किलोमीटरच्या खाली येईपर्यंत रिले पाडत नाहीत. तो प्रकार ठीक आहे, जर तो खरंच तसा वागत असेल आणि लावणारा जबाबदार असेल. ट्रॅकर म्हणून ट्रॅकर मी वाईट म्हणत नाही. गाडी गेलीच तर जागा बघा, ११२ ला कळवा, बटणाला हात लावू नका. मात्र रेंज नसली, गाडी तळघरात गेली किंवा चोराकडे जॅमर असला की तोही आंधळा होतो. क्रेनने उचलून नेणाऱ्यापुढे तर कुठलाच कट चालत नाही, तिथे फक्त ट्रॅकरचा उपयोग.

बॅटरीचंही बघा. पार्किंगमध्ये रिले सतत ओढलेला, म्हणजे करंट खात, राहील अशी वायरिंग केली तर साधारण १५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला साडेतीन अँपिअर-तासांच्या वर जातात. तुमच्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असेल तर दिवाळीला गावी जाऊन आल्यावर चोराआधी तुमचीच गाडी सुरू होणार नाही. उभ्या गाडीत रिले मोकळा राहील अशीच जोडणी हवी.

विम्यात सूट मिळेल असं ॲक्सेसरीवाला म्हणत असेल तर ती फक्त एआरएआयने (गाड्या आणि त्यांची यंत्रं तपासणारी संस्था) मान्य केलेल्या यंत्राला असते, सहसा ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, प्रीमियमवर अडीच टक्के, तीही जास्तीत जास्त ५०० रुपये. लोकल रिलेला शून्य. त्यापेक्षा दोन्ही चाव्या जपा, चोरीचा क्लेम करताना एफआयआर आणि पोलिसांच्या ए समरीसोबत (चोरी खरी, पण तपास लागला नाही असा अहवाल) विमा कंपनी त्या दोन्ही मागते.

कोणत्या कंपनीचं, हे मी सांगणार नाही, कारण यंत्रापेक्षा जोड महत्त्वाचा. लावणाऱ्याला विचारा की कट कुठे टाकणार. "सायेब, इग्निशनच्या मेनवर, पंधरा मिनिटांत" असं म्हणाला तर चहा घेऊन परत या.

आणि भाऊजी, हे उत्तर ताई तुम्हाला वाचून दाखवणारच आहे. रिले अजून गाडीतच आहे, हे मला भाच्याने सांगितलं. येत्या रविवारी गणेशपेठेत या, मिस्त्रीचे पैसे मी देतो. लग्नात गोष्ट तुमच्याच पद्धतीने सांगा, माझी हरकत नाही, फक्त टिप्परवाल्याने ब्रेक मारला तेवढं त्यात घाला.