य-आंतरछेद : बिंदू, लांबी की संख्या?

मुलुंडहून एका ताईंनी विचारलं आहे : लेकीला शिकवणीत ‘रिक्षाचं किमान भाडं म्हणजेच भाड्याच्या रेषेचा य-आंतरछेद’ असं सांगितलं, ते बरोबर का? आणि आंतरछेद म्हणजे बिंदू की आकडा?

आधी शब्द. अपूर्णांकातल्या छेदाशी याचा संबंध नाही. इथे छेदणं म्हणजे कापणं. रेषा य-अक्षाला कापते तो छेदनबिंदू (०, क), आणि त्यातला क म्हणजे य-आंतरछेद. समांतर रेषा छेदिकेवर (त्यांना कापणाऱ्या रेषेवर) आंतरछेद करतात तिथे लांबी असते, ती ऋण असणार नाही. आलेखात मात्र चिन्हासकट संख्या घ्यायची. ३क्ष − २य = ६ मध्ये क्षच्या जागी ० ठेवा, य = −३ मिळतं. नुसतं ३ लिहिलं तर गुण गेले. काही जण ‘अंतःखंड’ लिहितात. मला तो कमी पटतो, कारण खंड म्हटलं की लांबीच डोळ्यांपुढे येते.

आता रिक्षा. १ फेब्रुवारी २०२५पासूनच्या दरांप्रमाणे मुंबईत पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढे दर किलोमीटरला १७.१४. क्ष-अक्षावर किलोमीटर आणि य-अक्षावर रुपये घेतले, तर दीड किलोमीटरपर्यंत आलेख आडवा राहतो. त्या आडव्या रेषेचा य-आंतरछेद २६, हे खरंच. पण चढणारी रेषा (१.५, २६) पासून सुरू होते. ती मागे य-अक्षापर्यंत वाढवा : २६ − १.५ × १७.१४ = ०.२९. अवघे एकोणतीस पैसे! टॅक्सीचं बघा (रिक्षा दक्षिण मुंबईत येतच नाही, तेव्हा तिथल्या मुलांना हेच उदाहरण द्यावं लागेल) : ३१ − १.५ × २०.६६ = ०.०१. म्हणजे किमान भाडं हे गाडीत बसण्याचे वेगळे पैसे नव्हेत. दीड किलोमीटरचंच भाडं, पूर्ण रुपयात आणलेलं.

शिकवणीत सांगितल्याप्रमाणे ‘भाडं = १७.१४क्ष + २६’ हे सूत्र धरलं तर पाच किलोमीटरला १११ रुपये ७० पैसे होतात. प्रत्यक्षात ८६ होतात. एवढा फरक कुठलाही मुंबईकर मुकाट्याने देणार नाही.

तेव्हा ताई, लेकीने चढत्या रेषेचा य-आंतरछेद ०.२९ लिहावा आणि छेदनबिंदू विचारला तरच (०, ०.२९).