चौकटीला रंग लावू नका

(पत्र तीन पानांचं आहे, थोडक्यात देते.)

"ताई, मुलाला डिसेंबरात १४ पूर्ण होतील. उंची १४३ सेंमी. तालमीत सगळे 'बारक्या' म्हणतात. मिस्टरांच्या बदलीमुळं आम्ही दोन वर्षं लेहला होतो. पाडवा करून गेलो, पाडव्यालाच परतलो. सासूबाईंचं रोज एकच, 'त्या डोंगरात नेलासा आणि पोराची वाढ मारलासा.' आता मिस्टर त्याला पाचगणीच्या शाळेत घालायचं म्हणतात, तर ह्या म्हणतात परत डोंगर नको. सासरे दर पाडव्याला सोप्याच्या चौकटीवर त्याच्या उंचीची खूण करून तारीख घालायचे, पण दिवाळीचं रंगकाम काढलंय, ते जाईल आता. गेल्या वर्षी सासरे गेले, तेव्हापासून मीच दर रविवारी मोजते. सासूबाईंना काय उत्तर देऊ?
– एक आई, शिवाजी पेठ, कोल्हापूर"

ताई, रंगारी आला असेल तर आधी त्याला थांबवा. बाकीचं नंतर वाचा.

सासूबाईंवर दोन पानं लिहिलीत आणि त्या चौकटीवर एक ओळ, तीही रंगाच्या हिशेबात. अहो, ज्या प्रश्नावरून घरात रोज वाद होतो, त्याचं उत्तर सासऱ्यांनी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय. टेप घ्या. लेहला जाण्याआधीच्या पाडव्याची खूण आणि परतल्यावरची खूण, मधलं अंतर मोजा. वयात येण्याआधी मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंमी वाढतं. दोन वर्षांत १०-११ सेंमी भरलं, तर लेहचा दोष नाही. बरंच कमी भरलं, तर तेही डॉक्टरांना कळायला हवं.

सासूबाईंचं बोलणं अगदीच हवेतलं नाही. लेह ३,५०० मीटरवर आहे, तिथं एका श्वासात आपल्यापेक्षा जवळजवळ एक तृतीयांश प्राणवायू कमी मिळतो. १९६०च्या दशकात पेरू देशात नुन्योआ भागात, ४,००० मीटरवर राहणाऱ्या मुलांची मापं घेतली गेली. छाती रुंद, पण उंची सावकाश वाढणारी, वयात येतानाची झेप उशिरा आणि बेताची. मात्र ती मुलं पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच होती, आणि गरीब. पुढं बोलिव्हियात ला पाझला, साधारण लेहइतक्याच उंचीवर, सुखवस्तू घरांतली मुलं मोजली तेव्हा उंचीतला फरक बराच थोडा निघाला. म्हणजे हवेइतकाच ताटातल्या जेवणाचाही त्यात हात होता. खाऊनपिऊन बऱ्या घरातल्या पोराच्या दोन वर्षांवर सगळं खापर फोडता येत नाही. पाचगणी तर १,३०० मीटरच्या आसपास. त्यानं उंची अडत नाही.

आता रविवारचं. हे वाचून मला तुमचा राग आला. सकाळची उंची संध्याकाळपर्यंत सेंटीमीटरभर कमी होते, माणसाची, कुणाचीही. आठवड्याच्या मापात तुम्हाला वाढ दिसणारच नाही. पण ते पोर दर रविवारी टाचा चिकटवून, मान ताणून उभं राहतं आणि आईच्या चेहऱ्यावर निकाल वाचतं. आजोबा वर्षातून एकदा, सणाला, कौतुकानं मोजायचे. तेच माप तुम्ही परीक्षेसारखं केलंत. या रविवारपासून बंद.

आणि डिसेंबरची वाट बघू नका. मुलग्यात वयात येण्याची पहिली खूण म्हणजे अंडकोष वाढू लागणं. आवाज फुटणं, मिसरूड हे त्यानंतरचं. ती पहिली खूण आईला दिसत नाही, डॉक्टरांनीच तपासावी लागते. आणि १४ पूर्ण होऊनही ती नसेल तर तपासण्या करायच्या असतात. चौकटीवरच्या सगळ्या खुणा तारखेसकट कागदावर उतरवा, फोटो काढा आणि बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा. असा वर्षावर्षाचा आलेख हातात घेऊन येणारे पालक त्यांना क्वचित भेटतात. डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून ते हाडांचं वय बघतील. ते १२ निघालं, तर वाढायला अजून वेळ आहे. वर्षाला ४ सेंमीच्या आत वाढ असेल, तर थायरॉईडसारखी कारणं शोधतील. तोवर जाहिरातीतली पावडर घरात आणू नका.

डॉक्टर आणखी एक विचारतील : वडील कधी उंच झाले? बापाचा आवाज दहावीनंतर फुटला असेल, तर लेकाचाही उशिरा फुटू शकतो, हे घराण्यात चालतं. मिस्टरांना ते आठवणार नाही. ते सासूबाईंना माहीत असणार, कुठल्या वर्षी पँटी एकाएकी आखूड झाल्या, कधी शिवण उसवून द्यावी लागली. त्यांना उत्तर काय द्यायचं ते सोडा. चहा ठेवा, त्यांना चौकटीपाशी बसवा, टेपचं एक टोक त्यांच्या हातात द्या आणि विचारा. तिथं त्यांच्या मालकांचं अक्षर आहे, ताई. ते पुसायला काढलंय, हे त्यांना कुणी विचारलं तरी का?